ओळीची मर्यादा कोणाच्या स्क्रीनवर मोजायची?

नमस्कार ताई,

मी सहा जणांची टीम सांभाळते. आमचा बहुतेक कोड पायथॉनमध्ये आहे, थोडा जावास्क्रिप्टमध्ये. प्रोजेक्ट सुरू झाला तेव्हा एका ओळीत ७९ अक्षरं हा नियम लिंटरमध्ये, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या साधनात, घातला गेला आणि तो आजवर चालत आला. अलीकडे आलेल्या दोघांना तो अजिबात पटत नाही. एवढे रुंद मॉनिटर समोर असताना १२० का नको, असं ते विचारतात. आमचा सगळ्यात जुना सहकारी ८० च्या पुढे एक अक्षर जाऊ द्यायला तयार नाही. रिव्ह्यूमधल्या, म्हणजे एकमेकांचा कोड तपासतानाच्या, निम्म्या कॉमेंट ओळ कुठे तोडायची यावरच असतात. ओळ बसवण्यासाठी कोणी व्हेरिएबलची नावं आखूड करतं, कोणी कुठेही बॅकस्लॅश (ओळ पुढे चालू आहे असं सांगणारी तिरकी रेघ) टाकतं.

तूच काय ते ठरव, असं सगळे म्हणतात. पण आकडा मी लादला तर एक बाजू दुखावणार. शिवाय आकडा बदलला तर जुना कोड पुन्हा फॉरमॅट करायचा का? मग कुठली ओळ कोणी आणि का लिहिली, हा सगळा इतिहास झाकला जाईल अशी भीती वाटते.

एक सांगायचं राहिलं. टीममधल्या एकाची दृष्टी कमी आहे. तो फॉन्ट बराच मोठा ठेवून काम करतो. या वादात तो आजवर एक शब्दही बोललेला नाही.

– मधल्यामध्ये अडकलेली


नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या चार वाक्यांपाशी थांबले. "सांगायचं राहिलं" म्हणून तुम्ही जे शेवटी जोडलंत, तिथूनच मी सुरुवात करणार आहे. तुमच्या टीममध्ये सहा जण आहेत, वाद तिघांचा चाललाय आणि ओळीच्या लांबीचा सगळ्यात जास्त त्रास ज्याला होतो तो गप्प आहे. आकडा त्याच्या स्क्रीनवरून ठरवा, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते हिशेबानंच दाखवते.

समजा स्क्रीन १९२० पिक्सेल रुंद आहे आणि तुमच्या नव्या सहकाऱ्यांच्या फॉन्टमध्ये एक अक्षर ८ पिक्सेल जागा घेतं. म्हणजे पूर्ण रुंदीत २४० अक्षरं मावतात. अशा स्क्रीनवर १२० ची मर्यादा सढळ वाटणारच. रिव्ह्यू करताना जुना आणि नवा कोड शेजारी शेजारी ठेवला की मात्र प्रत्येकाच्या वाट्याला १२० येतात, आणि त्यातून ओळ क्रमांकांची पट्टी, फाइलींची यादी, स्क्रोलबार वजा करावे लागतात. मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोघांनी एकाच जागी केलेल्या बदलांचा गुंता, सोडवताना तीन खिडक्या लागतात, तेव्हा उरतात ८०. म्हणजे ज्या कामात कोड सगळ्यात बारकाईनं वाचावा लागतो, नेमकी तिथे रुंदी कमी पडते.

आता हाच हिशेब दुप्पट मोठ्या अक्षराचा करा. एक अक्षर १६ पिक्सेल, पूर्ण रुंदीत १२०, बाजूच्या पट्ट्या वजा जाता शंभरएक. शेजारी शेजारी डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) तुमच्या त्या सहकाऱ्याला बहुधा उघडताच येत नसेल, कारण प्रत्येक बाजूला ६० देखील उरत नाहीत. १२० ची मर्यादा घातलीत तर एकच फाइल उघडूनही त्याला उजवीकडे सरकावं लागेल, आणि पुढची ओळ वाचायला परत डावीकडे यावं लागेल. हे दर लांब ओळीला, दिवसभर. स्क्रीन मोठी करून दाखवणारं भिंग वापरणाऱ्याचे हाल याहून जास्त, कारण त्याला एका वेळी स्क्रीनचा एक तुकडाच दिसतो. आडवं स्क्रोल करताना आपण कुठल्या ओळीवर होतो हेच सुटून जातं.

वेबसाठीच्या सुलभतेच्या नियमावलीत, डब्ल्यूसीएजीमध्ये, सगळ्यात वरच्या पातळीवर मजकुराची रुंदी ८० अक्षरांपेक्षा जास्त नसावी अशी अट आहे. ती वेब पानांवरच्या मजकुराला लागू आहे, तुमच्या कोडला नाही. पण ज्यांना वाचताना त्रास होतो त्यांचा विचार करून बसलेले लोकही ८० च्याच आसपास थांबले, हे मला महत्त्वाचं वाटतं.

"वर्ड रॅप चालू कर की" म्हणजे लांब ओळ एडिटर आपोआप खाली दुमडेल, असं कोणीतरी सुचवेल, म्हणून आत्ताच सांगते. साध्या लेखनाला रॅप उत्तम आहे. कोडमध्ये ओळीची डावी कड हाच वाचणाऱ्याचा नकाशा असतो. कुठलं कुठल्याच्या पोटात आहे हे आपण इंडेंटेशनवरून, म्हणजे ओळीआधी सोडलेल्या मोकळ्या जागेवरून, एका नजरेत ओळखतो, आणि पायथॉनमध्ये तर त्यावरच अर्थ ठरतो. एडिटरनं मनानं मोडलेली ओळ हा नकाशा बिघडवते. व्हिम या एडिटरमध्ये ब्रेकइंडेंट आहे, व्हीएस कोड या एडिटरमध्येही रॅप झालेला भाग आत सरकवायची सोय आहे. त्यानं थोडा दिलासा मिळतो, पण एडिटर ओळ मोडतो ती रुंदी संपली म्हणून. माणूस मोडतो ती अर्थ पाहून, आणि वाचणाऱ्याला उपयोग त्याच मोडण्याचा होतो.

तुमचा जुना सहकारी ८० ला का चिकटून आहे, तेही समजून घ्या. तो हट्ट वाटत असला तरी त्यामागे बरंच काही आहे. आयबीएमनं १९२८ मध्ये ८० रकान्यांचं, भोकं पाडून माहिती नोंदवायचं पंच कार्ड आणलं. आधी त्याच आकाराच्या कार्डावर गोल भोकांचे ४५ रकाने बसत. भोकं अरुंद आणि चौकोनी केल्यावर ८० बसू लागले. पुढे फोरट्रान ही भाषा आली तेव्हा विधानासाठी ७ ते ७२ हेच रकाने होते, कारण आयबीएम ७०४ या संगणकाचा कार्ड रीडर ७२ रकानेच वाचायचा, ३६ बिटांचे दोन शब्द. उरलेल्या आठ रकान्यांत कार्डांचे अनुक्रमांक टाकत, म्हणजे गठ्ठा हातातून पडला तरी पुन्हा लावता येई. मग कार्डं गेली आणि टर्मिनल आले. १९७८ चा व्हीटी१०० टर्मिनल ८० रकाने आणि २४ ओळींचा होता. त्यात १३२ रकान्यांची सोय असूनही रोजच्या वापरात ८० च राहिले, आणि आजही टर्मिनलची खिडकी उघडली की बहुधा तेवढ्याच रुंदीची उघडते.

७९ चं कारणही असंच साधं आहे. ८० रकान्यांच्या खिडकीत काही एडिटर ओळ दुमडल्याची खूण शेवटच्या रकान्यात दाखवतात. तो एक रकाना सोडला की ओळ दुमडतच नाही. पायथॉनच्या पेप ८ या लेखनशैलीच्या नियमावलीत हा विचार नोंदवलेला आहे. आणि तिथेच हेही लिहिलंय की टीमचं एकमत असेल तर ९९ पर्यंत जायला हरकत नाही, फक्त कॉमेंट आणि डॉकस्ट्रिंग (कोडमध्येच लिहिलेलं वर्णन) ७२ मध्ये ठेवा. तुमच्या टीममध्ये पेप ८ चा दाखला दिला जात असेल, तर ही दुसरी बाजूही सगळ्यांसमोर वाचून दाखवा.

नव्या दोघांचं म्हणणंही पोकळ नाही, आणि ते तुम्ही त्यांना उघडपणे सांगायला हवं. लिनक्स कर्नलचे पॅच, म्हणजे सुचवलेले बदल, तपासणाऱ्या स्क्रिप्टमध्ये २०२० साली इशाऱ्याची मर्यादा ८० वरून १०० केली गेली, कारण केवळ आकड्यासाठी तोडलेल्या ओळी न तोडलेल्यांपेक्षा वाचायला वाईट होत होत्या. पसंतीची मर्यादा म्हणून ८० तिथे अजूनही लिहिलेली आहे. रस्ट भाषेचा फॉरमॅटर, म्हणजे कोड आपोआप नीट मांडणारं साधन, १०० धरतो. पीएचपी भाषेच्या पीएसआर-१२ या नियमावलीत १२० ही सौम्य मर्यादा आहे. गो भाषेच्या फॉरमॅटरला तर लांबीची मर्यादाच नाही. इतक्या अनुभवी लोकांनी इतके वेगवेगळे आकडे निवडलेत, त्यामुळे एकच आकडा शास्त्रशुद्ध आणि बाकीचे चूक, असं कोणीही म्हणू नये.

मुद्रणातला एक जुना अनुभव मात्र इथे उपयोगी पडतो. रोमन लिपीतलं पुस्तक वाचायला ओळीत ४५ ते ७५ अक्षरं सोयीची, असं अक्षरजुळणी करणारे मानतात. त्याहून ओळ लांबली की एका ओळीच्या शेवटाहून दुसरीच्या सुरुवातीला येताना डोळा चुकतो. कोड म्हणजे पुस्तकाचं पान नाही, तो आपण सरसकट डावीकडून उजवीकडे वाचत नाही. पण एक गंमत बघा. क्लासच्या आत मेथड, तिच्यात लूप, त्यात एक अट, असं चार पायऱ्या आत गेलात तर १६ जागा इंडेंटेशनमध्येच जातात. ८० मधून १६ वजा करा, उरतात ६४. म्हणजे प्रत्यक्ष वाचायचा मजकूर त्याच सोयीच्या टप्प्यात येऊन बसतो. १२० च्या ओळीत तो १०४ होतो. मी स्वतः ८० ते १०० च्या मध्येच रमते, त्यामागे हे एक कारण आहे.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय त्याकडे येते. तुम्ही लिहिलंत की ओळ बसवायला नावं आखूड केली जातात आणि कुठेही बॅकस्लॅश पडतो. तुमच्या टीमचं खरं नुकसान इथे होतंय. ७९ आणि १२० मधल्या फरकानं झालं असेल त्याहून कितीतरी जास्त.

बऱ्याच वर्षांपूर्वीची माझीच गोष्ट सांगते. मी एक अट लिहिली होती, ती वाढत वाढत १७० अक्षरांच्या पुढे गेली. वापरकर्ता सक्रिय आहे का, खातं गोठवलेलं नाही ना, मुदत संपलेली नाही ना, आणि अगदी टोकाला "किंवा" लावून चाचणीपुरती घातलेली एक पळवाट. ती पळवाट काढायची राहिली. रिव्ह्यू दोघांनी केला. दोघांच्याही स्क्रीनवर ओळीचा शेवट उजव्या कडेच्या पलीकडे होता आणि दोघांनाही तिकडे सरकावंसं वाटलं नाही, कारण दिसत होता तेवढा भाग बरोबर होता. ज्यांना आत येऊ द्यायचं नव्हतं असे वापरकर्ते आत आले. ती चूक शोधायला मला दोन दिवस लागले, कारण मीही तीच ओळ तशीच, अर्धी, वाचत होते.

त्या ओळीला मर्यादा असती आणि मी नुसती ८० व्या अक्षरापाशी ती तोडली असती, तर "किंवा" निदान डोळ्यांसमोर आला असता. पण खरा उपाय याहून पुढचा होता. त्या अटीचे तुकडे करून प्रत्येकाला नाव द्यायला हवं होतं. खातं वापरण्याजोगं आहे का, हे एका व्हेरिएबलमध्ये, मुदत शिल्लक आहे का हे दुसऱ्यात. मग मूळ अट चार शब्दांची झाली असती आणि तिच्यात चाचणीची पळवाट लपायला जागाच राहिली नसती.

म्हणून ओळ मर्यादेबाहेर गेली की आधी ती लांब का झाली हे बघायची सवय टीमला लावा. बहुतेकदा कारण ओळीत नसतं, तिच्या भोवती असतं. पाच पायऱ्या आत शिरलेला कोड असेल तर नको असलेल्या शक्यता फंक्शनच्या सुरुवातीलाच परत पाठवा. आतला सगळा भाग आपोआप डावीकडे येतो. फंक्शनला नऊ आर्ग्युमेंट जात असतील तर त्यातली चार-पाच बहुधा नेहमी एकत्रच फिरतात, त्यांचा एक ऑब्जेक्ट करा. एकाच ओळीत यादी गाळून, बदलून, क्रम लावून पुन्हा शब्दकोश बनवला जात असेल तर मधल्या टप्प्याला नाव द्या. ते नाव पुढच्या माणसाला कॉमेंटपेक्षा जास्त सांगून जातं.

आणि नाव आखूड करून ओळ बसवायला सरळ मनाई करा. ओळीची मर्यादा वाचणाऱ्यासाठी आहे आणि नावही वाचणाऱ्यासाठीच आहे. एकासाठी दुसऱ्याचा बळी देण्यात काही अर्थ नाही. अशा वेळी मर्यादा मोडलेली परवडली.

बॅकस्लॅशही सोडा. पायथॉनमध्ये कंसाच्या आत ओळ कुठेही मोडता येते, म्हणून लांब राशीला (एक्स्प्रेशनला) कंस घाला आणि "आणि", "किंवा"सारखे ऑपरेटर नव्या ओळीच्या सुरुवातीला ठेवा. डावी कड वरून खाली वाचली की अटीचा सांगाडा दिसतो. बॅकस्लॅशनंतर चुकून एक मोकळी जागा राहिली तर पायथॉन सिंटॅक्स एरर देतो, आणि ती मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही. ओळी तोडताना स्ट्रिंगच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन स्ट्रिंग पायथॉन गुपचूप जोडून टाकतो. यादीतल्या एका लांब स्ट्रिंगचे दोन तुकडे केले आणि भोवतालचा एखादा स्वल्पविराम सुटला, तर यादीतला एक घटक कमी होतो आणि कुठलीही तक्रार येत नाही. रिव्ह्यूमध्ये ओळ कुठे तोडली यावर वाद घालण्याऐवजी नजर इथे हवी.

काही ओळी लांबच राहू द्याव्यात. कॉमेंटमधला वेबपत्ता तोडला तर तो उघडत नाही. वापरकर्त्याला किंवा लॉगमध्ये दिसणारा एरर संदेश तोडला तर कोडमध्ये शोधून सापडत नाही. लिनक्स कर्नलच्या नियमांत असे संदेश तोडू नका असं खास सांगितलंय, ते याच कारणासाठी. अशा ओळींना लिंटरच्या ई५०१ या लांब ओळीच्या तक्रारीतून त्या त्या जागी सूट द्या आणि पुढे चला.

कोडमध्ये देवनागरी मजकूर येत असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. "नमस्कार" हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो. पायथॉन त्याची लांबी ७ सांगतो, कारण स, हलन्ताची खूण, क आणि काना हे युनिकोडमध्ये वेगवेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत तोच शब्द २१ बाइटचा होतो. स्क्रीनवर किती जागा लागेल हे फॉन्टवर अवलंबून, म्हणजे आणखी चौथं उत्तर. त्यामुळे कुठलं साधन काय मोजतंय त्यावर तीच ओळ मर्यादेत किंवा मर्यादेबाहेर जाते. या भांडणात पडूच नका. असे संदेश वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि त्या फाइलला मर्यादा लावू नका.

आता आकडा. पायथॉनसाठी ब्लॅक नावाचा फॉरमॅटर आहे, तो डिफॉल्ट ८८ धरतो. ८० च्या दहा टक्के वर. त्याच्या लेखकांचा अनुभव असा की एवढ्याशा मोकळिकीनं फाइली बऱ्याच आटोपशीर होतात. माझी शिफारस ८८. पण आधी तुमच्या त्या सहकाऱ्याला त्याच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये एक फाइल उघडून आडवं न सरकता किती अक्षरं दिसतात ते मोजायला सांगा. उत्तर ८८ किंवा जास्त आलं तर ८८ पक्के. कमी आलं तर ७९ च ठेवा, आणि बाकीच्यांना त्याचं कारण सांगायचं की नाही हे त्याला विचारून ठरवा. जावास्क्रिप्टच्या फाइलींना प्रिटियर हा फॉरमॅटर लावा आणि त्याचे ८० तसेच असू द्या. दोन भाषांना एकच आकडा हवा असं काही नाही. एवढंच, की प्रिटियरचा आकडा ही अंदाजे रुंदी असते, कडक सीमा नसते. एखादी ओळ थोडी बाहेर गेली तर कोणी दचकू नये.

लादण्याबद्दल तुम्हाला संकोच वाटतोय. आकडा तुम्ही जाहीर करा, पण ओळी तोडण्याचं काम माणसांच्या हातातून काढून घ्या. फाइल सेव्ह करताना फॉरमॅटर चालला पाहिजे, कमिट करताना, म्हणजे बदल इतिहासात नोंदवताना, हुक या आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमधून पुन्हा, आणि सर्व्हरवर तपासणीत तिसऱ्यांदा. मग रिव्ह्यूमध्ये ओळ तोडण्याबद्दल लिहायला काही उरतच नाही. फॉरमॅटरचं एखादं रूप तुम्हालाही आवडणार नाही, मलाही बरीच आवडत नाहीत. तरी ते मी स्वीकारते, कारण त्याच्याशी कोणाला भांडावं लागत नाही. फॉरमॅटरची आवृत्ती मात्र सगळ्यांकडे एकच बांधून ठेवा. ब्लॅकची शैली नव्या वर्षाच्या आवृत्तीत थोडी बदलू शकते. दोघांकडे दोन आवृत्त्या असल्या की फाइल दर कमिटला इकडून तिकडे होत राहते. एडिटरमध्ये त्या रकान्यावर उभी रेघ दिसू द्या, व्हिममध्ये कलरकॉलम, व्हीएस कोडमध्ये रूलर. लिहितानाच हात सावरतो. ब्लॅक लांब स्ट्रिंग आणि कॉमेंट सहसा तोडत नाही, तेवढं माणसालाच बघावं लागेल.

राहिला जुन्या कोडचा इतिहास. तुमची भीती खरी आहे, पण त्यावर चांगला उपाय आहे. सगळा कोड एकाच कमिटमध्ये फॉरमॅट करा आणि त्या कमिटमध्ये दुसरा एकही बदल घालू नका. फॉरमॅट करण्याआधीच्या आणि नंतरच्या कोडचा अर्थ सारखाच राहिला का, हे ब्लॅक स्वतः तपासून बघतो. कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटच्या २.२३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, ब्लेम करताना (कुठली ओळ कोणी लिहिली ते पाहताना) ठरावीक कमिट वगळायची सोय आहे. वगळायच्या कमिटचे हॅश, म्हणजे त्यांच्या ओळखीच्या खुणा, एका फाइलमध्ये लिहायचे आणि गिटच्या सेटिंगमध्ये ब्लेमसाठी ती फाइल नेमून द्यायची. फाइलचं नाव प्रघातानुसार टिंब, मग गिट, ब्लेम, इग्नोर, रेव्ह्ज असं जोडरेघांनी लिहिलेलं ठेवा, म्हणजे गिटहबही ते आपणहून वाचतं. सेटिंग प्रत्येकाला आपल्या मशीनवर एकदा करावं लागतं, हे विसरू नका.

दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. हॅश पूर्ण ४० अक्षरांचा लागतो, सात अक्षरांचं आखूड रूप त्या फाइलमध्ये चालत नाही. आणि पुल रिक्वेस्ट (आपले बदल मुख्य कोडात घेण्याची विनंती) स्क्वॉश करून, म्हणजे सगळे कमिट एकात मिळवून, किंवा रीबेस करून, म्हणजे ते नव्या पायावर पुन्हा रचून, मर्ज केली की हॅश बदलतो. म्हणून आधी फॉरमॅटचा कमिट मुख्य ब्रँचवर, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेवर, जाऊ द्या, तिथला हॅश घ्या आणि तो दुसऱ्या, वेगळ्या कमिटनं फाइलमध्ये घाला. उलटं केलंत तर फाइलमध्ये अस्तित्वातच नसलेल्या कमिटचा हॅश पडून राहतो.

उघड्या ब्रँच शक्य तेवढ्या आधी मर्ज करून घ्या. ज्या राहतील त्यांच्यासाठी क्रम असा: मुख्य ब्रँचवरचा फॉरमॅटच्या लगेच आधीचा कमिट आपल्या ब्रँचमध्ये मर्ज करायचा, मग आपल्या ब्रँचवर तोच फॉरमॅटर, तीच आवृत्ती चालवून कमिट करायचा, आणि मग फॉरमॅटचा कमिट "अवर्स" स्ट्रॅटेजीनं मर्ज करायचा. दोन्ही बाजू एकाच यंत्रानं फॉरमॅट झालेल्या असल्यामुळे तिथे आपली बाजू ठेवली तर काहीच हरवत नाही. त्यानंतर नेहमीसारखं काम सुरू. कॉन्फ्लिक्ट आलेच तर ते कोडमधल्या खऱ्या बदलांचे असतील.

त्या सहकाऱ्याशी बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. सगळ्यांसमोर त्याचं नाव घेऊन "याच्यासाठी आपण ओळी आखूड करतोय" असं होऊ देऊ नका. त्यानं गप्प राहायचं ठरवलंय, त्यामागे काहीही असू शकेल. एकट्याला गाठून साधा प्रश्न विचारा: रिव्ह्यू करताना तुला काय जड जातं? कदाचित तो ओळीची लांबी सांगेल, कदाचित रिव्ह्यूच्या साधनात अक्षर मोठं केलं की बाजूची पट्टी निम्मी स्क्रीन खाते असं सांगेल, कदाचित अगदी तिसरंच काही. जे सांगेल त्यावर काम करा, ओळींचा वाद मिटो वा न मिटो.

आणि फॉरमॅटचा तो मोठा कमिट मुख्य ब्रँचवर टाकण्याआधी एक दिवस तो वेगळ्या ब्रँचवर ठेवा. पहिल्यांदा त्याला उघडू द्या, त्याच्या फॉन्टमध्ये, त्याच्या मशीनवर. टीममधल्या सगळ्यात किचकट चार-पाच फाइली तो वरून खाली वाचून बघेल आणि कुठे उजवीकडे सरकावं लागलं तेवढ्या जागा लिहून देईल. त्या जागा दुरुस्त झाल्या की मर्ज करा.